पुस्तकाची पाळी : सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके व ई-पुस्तके कशी घ्यावीत



आडसाली लागण, खोडव्याची निगा, ठिबक, माती परीक्षण अशा विषयांचा अभ्यास आपण या वार्तापत्रातून नेहमीच करतो. या वेळचा धडा पिकावर नाही, पुस्तकावर आहे. "आम्हा ऊसवाल्यांना पुस्तकाचं काय एवढं?" असे कोणी म्हणेल. त्यांना विनंती एवढीच की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग ठरवावे.

उदाहरणे घेताना आम्ही मुद्दाम चंद्रपूर व गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे निवडले आहेत. तिकडे मुख्य पीक धानाचे. बाकी आधार जंगलाचा : बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. तेथील भामरागड, सिरोंचा ही तालुक्याची गावे जिल्ह्याच्या ठिकाणाहून दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेले, की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. अशा मुलखात पुस्तक वाचकापर्यंत कसे पोहोचते आणि त्याचे काय मोल होते, हे एकदा कळले, म्हणजे रस्ते, एस.टी., वीज असलेल्या आपल्या गावांत काय करता येण्यासारखे आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

एका शब्दाची किंमत

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. गावातील देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने या गावात अभ्यासगटाची पद्धत रुजली. अभ्यासगट म्हणजे काय? गावातील माणसे एकत्र बसायची, बाहेरचा एखादा जाणकार आला तर त्यालाही बसवून घ्यायचे, आणि जंगल, कायदा, पाणी अशा विषयांवर वाचन व चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यायचा, तोही सर्वांच्या सहमतीने.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यानुसार २००९ साली मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण खरी अडचण पुढेच होती. जंगलातला बांबू तोडून विकायचा तर तो कोणाचा? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. झाड म्हटले की ते वनखात्याचे. उलट २००६ च्या कायद्यात 'गौण वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला आहे, आणि गौण वनोपजावर हक्क गावाचा. म्हणजे सारा वाद दोन पुस्तकांतील दोन व्याख्यांचा होता! गावाने आपल्या बाजूचे पान धरून ठेवले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती पडले. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला.

आता आपल्याकडे वळू या. आपण सभासद आहोत. कारखान्याचे पोटनियम आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहेत? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे, तो किती जणांनी हातात धरला आहे? १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशात ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास त्यावर १५ टक्के दराने व्याज द्यावे अशी तरतूद करण्यात आली. ही गोष्ट चावडीवर ऐकीव माहिती म्हणून फिरते. कोणी चौदा म्हणतो, कोणी एकवीस म्हणतो. वाचलेला सभासद मात्र कलमावर बोट ठेवतो. सर्वसाधारण सभेत असे सभासद वाढले तर त्यात कारखान्याचेही हितच आहे. कारण अर्धवट माहितीवर भांडणे होतात आणि पूर्ण माहितीवर ठराव होतात. कायदे-नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजी प्रत पाहावी लागते. ती प्रत प्रत्येकाने विकत घ्यायची म्हटले तर जमणार नाही. म्हणून ग्रंथालय.

ग्रंथालय हीही आपलीच संस्था

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये बहुतेक लोकांनीच काढलेली आहेत. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे आहे. कोल्हापूर संस्थानाने तर स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ साली, ग्रंथालयांसाठी कायदा केला होता. राज्य झाल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली आला. त्याअन्वये ग्रंथालय संचालनालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालय अशी व्यवस्था आहे.

यात एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. मद्रास राज्याने १९४८ साली आणि कर्नाटकाने (तेव्हाच्या म्हैसूर राज्याने) १९६५ साली ग्रंथालय कायदा केला, तेव्हा स्थानिक करांबरोबर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राने तसा उपकर बसविला नाही. आपल्याकडे रीत अशी : लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची, चालवायची, आणि शासनाने मान्यता देऊन वार्षिक अनुदान द्यायचे. पुस्तकांची संख्या, सभासद, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, दप्तर यांवरून 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. खेड्यातील पुष्कळ ग्रंथालये 'ड' वर्गात आहेत. त्यांचे अनुदान इतके तुटपुंजे असते की ग्रंथपालाचे मानधन, विजेचे बिल आणि पुस्तके हे सारे त्यातून भागवताना कार्यकारिणीची दमछाक होते.

याचा अर्थ काय? उपकर असता तर आपण वाचा अगर वाचू नका, पैसा गेलाच असता. येथे तसे नाही. ग्रंथालय जगते ते सभासदांवर आणि देवघेवीवर. तपासणीला अधिकारी आला आणि देवघेव वहीत महिन्याकाठी पाच-सहाच नोंदी दिसल्या, तर ते ग्रंथालय वरच्या वर्गात जाणार कसे? सभासद घटले की वर्गणी घटते, नवी पुस्तके येत नाहीत. नवी पुस्तके नाहीत म्हणून उरलेले सभासदही फिरकत नाहीत. शेवटी कुलूप. ऊस कमी पडला की गाळप कमी, गाळप कमी की उसाला भाव कमी, भाव कमी की ऊस दुसरीकडे जातो. हे दुष्टचक्र आपल्याला कोणी शिकवायला नको.

शंभर पुस्तकांचा हिशेब

समजा, गावच्या ग्रंथालयात वाचण्याजोगी शंभर पुस्तके आहेत. एक पुस्तक पंधरा दिवसांसाठी दिले आणि वेळेवर परत आले, तर वर्षात ते चोवीस वाचकांच्या हातून जाऊ शकते. म्हणजे शंभर पुस्तकांतून २,४०० वाचने. सुगी, लग्नसराई, सणवार धरून निम्मीच झाली असे म्हणू : १,२००. तीनशे रुपयांचे पुस्तक वर्षात बारा जणांनी वाचले तर वाचकाला ते पंचवीस रुपयांत पडले. दोन वर्षे फिरले तर साडेबारा रुपयांत. आता तेच पुस्तक एका सभासदाने नेले आणि सहा महिने माळ्यावर ठेवले, तर बारा वाचकांची पाळी बुडाली. त्याची वर्गणी भरलेली असेल, पण दुसऱ्याच्या पाळीचे पाणी स्वतःच्या शेतात फिरवण्यासारखेच ते झाले.

सभासद होणे सोपे आहे. एक अर्ज, ओळखीचा व राहण्याचा पुरावा, थोडी अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. पावती जपून ठेवावी. वृत्तपत्रे व मासिके ग्रंथालयात बसून वाचण्यास सहसा पैसे पडत नाहीत. पुस्तक नेताना तीन गोष्टी पाहाव्यात : पाने पूर्ण आहेत का, परतीची तारीख कोणती, आणि मुदत वाढवून मिळते का. हवे ते पुस्तक नसेल तर मागणी वहीत नाव लिहावे. पुष्कळ ग्रंथालयांत अशी वही असते. नसेल तर शंभर पानी वही घेऊन आपणच सुरू करून द्यावी. अनुदानाच्या पैशातून कोणती पुस्तके घ्यायची हे कार्यकारिणी ठरवते. शेतकऱ्याने मागणीच नोंदवली नाही, तर कपाटात कादंबऱ्याच दिसणार. त्यात कादंबऱ्यांचा काय दोष?

पुस्तक वाचकाकडे जाते तेव्हा

वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार जुना आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली. त्यात फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेटीत पुस्तके भरून पेटी गावात पाठवायची, मुदत संपली की ती पुढच्या गावाला. १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे तर चक्क बैलगाडीवर ग्रंथालय सुरू झाले. गाडी खेड्यात जायची, लोक पुस्तके घ्यायचे आणि पुढच्या फेरीला परत करायचे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी त्याच वर्षी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिल्याचा मथितार्थ आपल्या भाषेत सांगायचा तर पुस्तक कपाटाच्या शोभेसाठी नाही, हाताळण्यासाठी आहे.

ही पेटीची युक्ती जुनी झाली असे समजू नका. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. एका पेटीत शंभर पुस्तके. वाचकांचा एक गट ती पेटी सांभाळतो, काही महिन्यांनी दोन गटांच्या पेट्यांची अदलाबदल होते. गटाला जागा लागत नाही, पगारी माणूस लागत नाही, एक जबाबदार घर पुरते. ही पेटी पुढे दुबईतील मराठी मंडळींपर्यंत पोहोचली. जी दुबईला पोहोचली ती आपल्या वाडीवस्तीवर का पोहोचू नये?

गडचिरोलीत अलीकडच्या वर्षांत आणखी एक वाट निघाली आहे. तेथील पोलीस दलाने 'एक गाव, एक वाचनालय' हा उपक्रम हाती घेऊन दुर्गम गावांत वाचनालये उभी केली. गावकऱ्यांनी त्यासाठी श्रमदान केले. या वाचनालयांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकेही ठेवली जातात. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला त्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला खोली करून राहायचे म्हणजे खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणी आली. धानाच्या दोन-तीन एकरांवर पोट असलेल्या घराला तो खर्च झेपत नाही. गावातच बसायला जागा, दिवा आणि पुस्तक मिळाले, तर त्या घराची निदान पहिली पायरी तरी वाचते. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. मुलगा तालुक्याला जाऊन राहील, पण मुलीला पाठवताना घरचे दहा वेळा विचार करतात.

तिकडच्या अनुभवातून दोन बारकावे आपणही उचलावेत. पहिला भाषेचा. एटापल्ली, भामरागड भागातील पुष्कळ मुलांची घरची बोली माडिया किंवा गोंडी. त्यांना मराठी पुस्तकही शिकूनच वाचावे लागते. अशा ठिकाणी एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकून आपल्या बोलीत बोलायचे, ही पद्धत उपयोगी पडते. आपल्याकडेही हंगामात ऊसतोड मजुरांची मुले टोळीबरोबर येतात. आपले वयस्क सभासदही डोळ्यांनी अधू झालेले असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचन ठेवता येईल. दुसरा बारकावा मुदतीचा. जेथे पुरामुळे रस्ता बंद होतो, तेथे पंधरा दिवसांचा नियम आणि दंड धरून बसल्यास लोक पुस्तक नेणारच नाहीत. पावसाळ्यासाठी मुदत लांब ठेवावी आणि एकदम दोन-तीन पुस्तके द्यावीत. नियम वाचकाच्या सोयीचे असले म्हणजे पुस्तक फिरते.

जंगलाचा जिल्हा म्हणून चंद्रपूर पुस्तकाला परका आहे असे मात्र कोणी मानू नये. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला दोनदा भरले : १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली.

ई-पुस्तक म्हणजे काय, आणि ते 'उसने' कसे मिळते?

आता नव्या गोष्टीकडे येऊ. ई-पुस्तक म्हणजे मोबाईल, टॅब किंवा संगणकावर वाचायचे पुस्तक. त्याला कपाट लागत नाही, वाळवी लागत नाही. एकदा उतरवून घेतले की पुढे रेंज नसली तरी वाचता येते. जंगलातल्या गावात हा फायदा मोठा आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलेल्या माणसाने रेंजमध्ये बसून दोन-तीन पुस्तके उतरवून आणायची आणि आठवडाभर गावात वाचायची. आपल्याकडेही मळ्यात, खोलगट वस्तीत रेंज नसते. तेथे हीच युक्ती लागू पडते.

पण ग्रंथालयाने ई-पुस्तक 'उसने' द्यायचे म्हणजे काय? सभासद विचारतात, "अहो, मोबाईलमधलं पुस्तक, त्याच्या लाख प्रती निघतील. मग रांग कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर असे की प्रकाशक ग्रंथालयाला पुस्तक विकत नाही, वाचायला देण्याचा परवाना विकतो. साधारण नियम एक परवाना, एका वेळी एक वाचक. दुसऱ्याला हवे असेल तर त्याने नाव नोंदवून थांबायचे. मुदत संपली की पुस्तक वाचकाच्या मोबाईलवरून आपोआप बंद होते आणि पुढच्याची पाळी सुरू होते. पाटाच्या पाण्याची पाळी जशी घड्याळावर चालते तसेच हे. फरक एवढाच की येथे कोणी बारे मोडून पाणी पळवू शकत नाही. विलंब-दंडाचाही प्रश्न उरत नाही.

परवान्यालाही मुदत असते. २०११ साली हार्पर कॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने अमेरिकेतील ग्रंथालयांना अट घातली की एका परवान्यावर पुस्तक २६ वेळाच देता येईल, पुढे पुन्हा पैसे भरा. एका वेळी दोन आठवडे धरले तर २६ वेळा म्हणजे बरोबर एक वर्ष. कागदी पुस्तकाला अशी अट नाही. ते एकदा घेतले की शिवून, पुठ्ठा बांधून वीस वर्षे देता येते. म्हणून ई-पुस्तक आले म्हणजे कपाट विकून टाकावे असे समजणे चुकीचे ठरेल. बैल आणि ट्रॅक्टर काही काळ एकाच शेतात चालले, तसे दोन्ही चालू द्यावे.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी त्यांना विचारून पाहावे. तेथे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड रहिवाशाला फुकट मिळते आणि 'लिबी' नावाच्या अॅपवर त्या कार्डाने ई-पुस्तके व बोलती पुस्तके घरबसल्या उसनी मिळतात. ते कार्ड तेथील रहिवाशासाठी असते. दुसऱ्याचे कार्ड वापरू नये. आपल्याकडील बहुतेक ग्रामीण ग्रंथालयांत ई-पुस्तकांची अशी देवघेव सुरू झालेली नाही. पण त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. मराठीत फुकट आणि कायदेशीर वाचण्याजोगे पुष्कळ आहे. त्यातील खात्रीची ठिकाणे अशी :

१) मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला ज्याची घडी बसवली, तो कोश. पहिला खंड १९७६ साली निघाला. आता सर्व खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ऊस, साखर, माती, खते, जनावरांचे रोग यांवरील नोंदी शेतकऱ्याने अवश्य पाहाव्यात.

२) महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. मंडळाने प्रसिद्ध केलेली पुष्कळ पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.

३) राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले आणि २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले. विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी. यात काही पुस्तके पूर्ण उघडतात, तर काहींची फक्त माहिती मिळते.

४) राष्ट्रीय ई-पुस्तकालय. केंद्रीय शिक्षण मंत्रालय व नॅशनल बुक ट्रस्ट यांनी २०२४ साली मुलांसाठी सुरू केलेले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बालपुस्तके यात आहेत.

५) बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी ई-पुस्तके वाचकांना फुकट देते.

फुकट आणि चोरीचे यांतला फरक

व्हॉट्सअॅपवर एखाद्या नव्या कादंबरीची किंवा परीक्षेच्या पुस्तकाची चोरून काढलेली प्रत फिरते. "आलंय तर वाचू" असे आपण म्हणतो. पण आपला ऊस काट्यावर कमी भरला तर आपल्याला राग येतो ना? लेखकाचा ऊस म्हणजे त्याचे पुस्तक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे पुस्तकावरील हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ही साठ वर्षे मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून २०१० अखेर मुदत संपली आणि 'श्यामची आई' आता कोणीही छापू शकतो, कोणीही ई-पुस्तक करून वाटू शकतो. हयात लेखकाच्या पुस्तकाचे तसे नाही. ते ग्रंथालयातून घ्यावे किंवा विकत घ्यावे. ग्रंथालयाने प्रत विकत घेतली की लेखकालाही काही मिळते आणि आपल्यालाही फुकटाच्या भावात वाचायला मिळते. कोणाचेच वजन मारले जात नाही.

पुस्तकाचे साल पाहा

शेतीचे पुस्तक घेताना पहिल्यांदा त्याचे साल पाहावे. १९७० च्या सुमाराचे ऊसशेतीचे पुस्तक को ७४० या जातीची शिफारस करील. त्यानंतर पाडेगाव संशोधन केंद्राने शिफारस केलेली को ८६०३२ आली आणि शिवारच बदलले. जुन्या पुस्तकात एंडोसल्फान फवारा असे लिहिलेले असते. त्या औषधावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर बंदी घातली. म्हणून जमिनीची बांधणी, निचरा, हिरवळीचे खत याविषयी जुने पुस्तक खुशाल वाचावे. औषधे, मात्रा व जाती यांसाठी मात्र ताजे पाहावे. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक, राहुरी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची प्रकाशने ग्रंथालयाने मागवावीत असा आग्रह धरावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडील धान उत्पादकाला याच कारणासाठी अकोल्याच्या विद्यापीठाची 'कृषी संवादिनी' आणि सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राची शिफारस पाहावी लागते. प्रत्येक मुलखाचे पीक वेगळे, तसे त्याचे पुस्तकही वेगळे.

गटवार करावयाच्या गोष्टी

आमची सूचना अशी आहे की प्रत्येक गटातील सभासदांनी या महिन्यात पुढील कामे अंगावर घ्यावीत :

१) आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य ग्रंथालय आहे का, कोणत्या वर्गाचे, किती वाजता उघडते, हे जाऊन पाहावे. माहिती न मिळाल्यास जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारावे.

२) घरटी निदान एक सभासदत्व घ्यावे. शक्यतो ते घरातील स्त्रीच्या किंवा शिकणाऱ्या मुलीच्या नावाने घ्यावे.

३) ग्रंथालय नसलेल्या वाडीवर पेटी सुरू करावी. दहा घरांनी वाचून झालेली प्रत्येकी पाच पुस्तके दिली तरी पन्नास होतात. एक वही करावी : पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. शेजारच्या वाडीशी चार महिन्यांनी पेटी बदलावी.

४) गटातील एका तरुणाने वर सांगितलेल्या ठिकाणांहून पुस्तके उतरवून वडीलधाऱ्यांच्या मोबाईलवर घालून द्यावीत आणि अक्षर मोठे कसे करायचे ते दाखवावे.

५) कारखान्याचे पोटनियम, सहकार कायदा आणि ऊसदराचे नियम यांची एकेक ताजी प्रत ग्रंथालयात मागणी नोंदवून आणवावी. वार्षिक सभेपूर्वी चार-पाच जणांनी बसून ती वाचावी.

स्वाध्याय

अ) आपल्या ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकाच्या मागे किंवा देवघेव वहीत पाहा : ते शेवटचे कधी बाहेर गेले होते? गेल्या वर्षात किती वेळा?

आ) आपल्या घरात ग्रंथालयाचे न परतवलेले पुस्तक आहे काय? असल्यास ते कोणाची पाळी अडवून बसले आहे?

इ) मेंढा गावाने एका व्याख्येवर बोट ठेवून बांबूचा हक्क मिळवला. आपल्या व्यवहारात असा कोणता नियम आहे, जो आपण केवळ ऐकलेला आहे, वाचलेला नाही?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सभासदांनी गट कार्यालयात लेखी द्यावीत. ज्या नियमाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होईल, त्याचा मूळ मजकूर घेऊन वार्तापत्रात धडा देण्याचा आमचा विचार आहे. तोपर्यंत निदान माळ्यावरचे पुस्तक तेवढे परत करून टाकू या.